पायाखालचे पेडल काय सांगते: हायड्रॉलिक ब्रेकची रचना, तपासणी आणि एअर काढण्याची रीत

लहान मोटारीत नेहमीसारखा ब्रेक दाबला, की पेडलाने तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरमधून चारही चाकांकडे मिळून जेमतेम तीन-साडेतीन घनसेंटिमीटर तेल सरकते. चहाचा एक चमचाही त्याने पूर्ण भरणार नाही. एवढ्याशा तेलावर हजार-बाराशे किलोची गाडी थांबते. त्यामुळे त्या तेलात कणभर हवा शिरली, थोडे पाणी मिसळले किंवा पिस्टनवर तेल अडवणाऱ्या एखाद्या रबरी कपाजवळून थोडा पाझर सुरू झाला, तर त्याचा परिणाम पेडलावर लगेच जाणवतो. हा परिणाम ओळखता यावा आणि तो नेमका कोणत्या भागातून आला याचा अंदाज बांधता यावा, यासाठी आधी रचना समजून घ्यावी लागते. दुरुस्ती गॅरेजमध्येच करायची असली, तरी तेथे काय सांगायचे आणि काय विचारायचे हे त्यामुळे कळते.

बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांनी सतराव्या शतकात मांडला. मोटारीत तो कसा कामाला येतो, हे एका सोप्या हिशेबाने पाहू. समजा, पायाने पेडलावर २० किलोचा भार दिला. पेडल ही एक तरफ आहे. तिचे प्रमाण चारास एक धरले, तर पुढच्या दांड्यावर ८० किलोचा भार पडतो. इंजिनच्या निर्वातावर चालणारा व्हॅक्यूम बूस्टर त्यात भर घालतो आणि मास्टर सिलिंडरच्या पिस्टनपर्यंत सुमारे २४० किलोचा भार पोहोचतो. या पिस्टनचा व्यास २० मिलिमीटर असेल, तर त्याचे क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटिमीटर होते आणि तेलातील दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७६ किलो होतो. तोच दाब पुढच्या चाकाच्या कॅलिपरमधील, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागातील, ५४ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर पडला, की सुमारे पावणेदोन टनांचे बल पॅडला (घर्षण करणाऱ्या तुकड्याला) डिस्कवर दाबून धरते. प्रत्येक गाडीचे आकडे वेगळे असतात, पण बल वाढत जाण्याचा क्रम हाच असतो.

अर्थात हे वाढलेले बल फुकट मिळत नाही. जितक्या पटीने बल वाढते, तितक्याच पटीने हालचाल कमी होते. म्हणून पॅड आणि डिस्क यांच्यातील अंतर आधीपासूनच अगदी नगण्य ठेवावे लागते, आणि तेलाची प्रत्येक हालचाल पिस्टनपर्यंत पोहोचावी लागते. येथेच हवेचा प्रश्न उभा राहतो. तेल व्यवहारात दाबले जात नाही, हवा मात्र दाबली जाते. वरच्या उदाहरणातील पाइपमध्ये एक घनसेंटिमीटरचा बुडबुडा असेल, तर तो आपल्या आकारमानाच्या पंच्याहत्तराव्या भागाजवळ दबेपर्यंत पेडलाची सुमारे सव्वा सेंटिमीटर चाल केवळ त्यालाच चिरडण्यात खर्ची पडते. पेडल स्पंजसारखे लागते, असे आपण म्हणतो, ते याच कारणाने.

हायड्रॉलिक ब्रेक येण्यापूर्वी मोटारींचे ब्रेक लोखंडी दांडे आणि तारा यांनी ओढले जात. चारही चाकांना सारखा ताण देणे हे त्यातले सर्वात अवघड काम होते, कारण एक तार जरा सैल झाली, की गाडी एका बाजूला खेचली जाई. माल्कम लॉकहीड या अमेरिकी संशोधकाच्या कामातून द्रवावर चालणारी रचना पुढे आली आणि १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग मॉडेल ए या मोटारीत ती चारही चाकांना बसवली गेली. दाब सर्वत्र सारखा पोहोचत असल्याने समतोलाचा प्रश्न मुळातूनच सुटला. आजही गाडी ब्रेक लावताना एका बाजूला खेचत असेल, तर एखाद्या चाकापर्यंत दाब पोहोचत नाही किंवा पोहोचलेला दाब काम करत नाही, असेच समजावे.

आता मास्टर सिलिंडर. बॉनेटखाली, आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत बहुधा चालकाच्या समोरच्या बाजूस, अर्धपारदर्शक प्लॅस्टिकची एक लहान टाकी दिसते. तिच्याखाली हा सिलिंडर असतो. त्यात एकामागे एक असे दोन पिस्टन बसवलेले असतात आणि प्रत्येक पिस्टन दोन चाकांचा स्वतंत्र मार्ग सांभाळतो. पुढच्या चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या बहुतेक गाड्यांत हे मार्ग तिरपे विभागलेले असतात. पुढचे डावे चाक मागच्या उजव्याबरोबर आणि पुढचे उजवे मागच्या डाव्याबरोबर असते. एका मार्गाचे तेल गळून गेले, तर त्या मार्गाचा पिस्टन दाब न करता पुढे सरकत जातो, शेवटी टेकतो आणि मग उरलेल्या मार्गात दाब तयार होतो. अशा वेळी पेडल नेहमीपेक्षा बरेच खाली जाते आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागते, पण ब्रेक संपूर्ण गेलेला नसतो. पेडल खाली गेले म्हणून घाबरून पाय उचलू नये. ते जोराने शेवटपर्यंत दाबून धरावे.

पेडल सोडलेले असताना या सिलिंडरातील एक बारीक छिद्र टाकीला उघडे राहते. तापल्यामुळे फुगलेले तेल तेथून टाकीत परत येते आणि पॅड झिजल्याने लागणारे जादा तेल तेथूनच खाली उतरते. पेडलाला किंचित मोकळी चाल ठेवलेली असते ती याचसाठी. ती चाल कोणी चुकीने काढून टाकली, तर छिद्र उघडत नाही, तापलेल्या तेलाला परतीची वाट उरत नाही आणि काही किलोमीटर चालल्यावर ब्रेक आपोआप आवळले जाऊ लागतात. थंड गाडीत सारे ठीक आणि तापलेल्या गाडीत चाके जड, अशी तक्रार असेल तर ही शक्यता मेकॅनिकच्या कानावर घालावी.

कॅलिपरमधील पिस्टनला मागे ओढण्यासाठी स्प्रिंग नसते, हे अनेकांना आश्चर्याचे वाटते. पिस्टनभोवती चौकोनी छेदाची एक रबरी सील असते. पिस्टन पुढे सरकताना ती वाकते आणि दाब सुटला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेते. पॅड झिजत गेले, की पिस्टन सीलमधून थोडा पुढे घसरतो आणि तेथून पुढे हीच क्रिया चालू राहते. ही रचना मला संपूर्ण यंत्रणेतील सर्वात सुंदर गोष्ट वाटते, कारण रबराची एक कडी सील, स्प्रिंग आणि अ‍ॅडजस्टर अशी तिन्ही कामे करते. ती कडक झाली किंवा पिस्टनवर गंज चढला, तर पॅड डिस्कला घासतच राहतो, चाक तापते, जळका वास येतो आणि गाडीचे मायलेज घटते.

मागच्या चाकांना बऱ्याच गाड्यांत अजून ड्रम ब्रेक असतात. त्यांत व्हील सिलिंडरचे दोन लहान पिस्टन दोन शूंना, म्हणजे कमानीसारख्या पट्ट्यांना, बाहेर ढकलतात आणि शूंवरचे लायनर (घर्षणाचा थर) फिरत्या ड्रमच्या आतल्या बाजूला घासते. येथे परत ओढण्यासाठी स्प्रिंगा असतात. हँडब्रेकही बहुधा याच शूंना तारेने ओढतो. तेलाशी त्याचा संबंध नसल्यामुळे तेलाचा मार्ग निकामी झाला तरी तो उपयोगी पडतो.

बूस्टरविषयी एकच गोष्ट ठळकपणे सांगायची आहे. इंजिन चालू असताना तयार होणाऱ्या निर्वातावर तो चालतो. डिझेल गाडीत त्यासाठी वेगळा पंप असतो. इंजिन बंद केले, तर बूस्टरमध्ये साठलेला निर्वात दोन-तीन वेळा ब्रेक दाबेपर्यंत पुरतो आणि त्यानंतर पेडल दगडासारखे कडक होते. इंधन वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडून देण्याची सवय म्हणून अत्यंत धोक्याची आहे. एबीएस (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिम) हा या सगळ्याच्या पुढचा टप्पा आहे. चाक लॉक होऊ लागले की त्या चाकाचा दाब सेकंदाला अनेक वेळा सोडून-धरून तो चाक फिरते ठेवतो, त्यामुळे स्टिअरिंग आपल्या ताब्यात राहते. त्या वेळी पेडल पायाखाली थरथरते, ते बिघाडाचे लक्षण नसते आणि तेव्हा पाय सैल करायचा नसतो.

घाट आणि उकळणारे तेल

ब्रेक म्हणजे वेगाचे उष्णतेत रूपांतर करणारे साधन. १,२०० किलोची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगावरून थांबवली, तर निघणारी उष्णता जवळजवळ एक लिटर पाणी उकळीपर्यंत तापवू शकेल इतकी असते. तीच गाडी खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरते तेव्हा साधारण ५०० मीटरचा उतार उतरते, आणि फक्त ब्रेकवर उतरली तर अशा सुमारे वीस थांब्यांची उष्णता तिच्या डिस्क आणि ड्रम यांना एका दमात सोसावी लागते. आंबोली, वरंधा, ताम्हिणी, आंबा, कोणताही घाट घ्या, हिशेब तोच आहे. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे, असे जुने चालक सांगतात ते पूर्णपणे शास्त्रीय आहे. वेग इंजिनने रोखावा, ब्रेक थोडा वेळ ठामपणे लावून वेग कमी करावा आणि पाय पूर्ण उचलून डिस्कला वारा लागू द्यावा. पाय सतत हलकासा ठेवून उतरणे हे सर्वात वाईट.

ही उष्णता पॅडमधून पिस्टनकडे आणि पिस्टनमधून तेलाकडे जाते. ब्रेकचे नेहमीचे तेल ग्लायकॉल प्रकारचे असते आणि ते हवेतील ओलावा शोषून घेते. रबरी होज पाइपमधून आणि टाकीच्या झाकणातून वर्षानुवर्षे बाष्प आत झिरपत राहते. डब्यावर छापलेल्या ‘डॉट’ क्रमांकावरून तेलाचा दर्जा कळतो. नव्या डॉट ३ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ असे आहेत, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. तेल उकळले की वाफ होते आणि वाफ हवेसारखीच दबते. पेडल एकाएकी पोकळ होऊन खाली जाते. पॅड तापून त्यांची पकड कमी होणे हा वेगळा प्रकार आहे. त्यात पेडल कडक राहते, पण गाडी थांबत नाही. दोन्हींतील हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आणखी एक गोष्ट फार कोणी सांगत नाही. घाट उतरून पायथ्याशी चहाला थांबलो, की डिस्कला लागणारा वारा बंद होतो आणि साठलेली उष्णता पिस्टनकडे सरकत राहते. तेल जुने असेल तर उतरताना टिकलेला ब्रेक त्या थांब्यानंतर जाऊ शकतो. म्हणून तेथून निघताना गाडी हलवण्यापूर्वी एकदा पेडल दाबून पाहावे. चालत्या गाडीत पेडल खाली गेलेच, तर ते भराभर दाबून-सोडून पाहावे, एकेक गिअर खाली आणावा, हँडब्रेक हळूहळू ओढावा आणि दरीच्या नव्हे, डोंगराच्या बाजूचा आधार शोधावा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, कारण ती वाकते किंवा तिला तडा जातो.

कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत राहणाऱ्यांनी तेल बदलण्याच्या बाबतीत अधिक काटेकोर असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. अनेक गाड्यांच्या पुस्तिकांत दोन वर्षे किंवा ४०,००० किलोमीटर अशी मुदत दिलेली असते. त्यांपैकी जे आधी येईल ते धरावे. कमी चालणाऱ्या गाडीला वर्षांचा नियम लागू होतो, कारण उभ्या गाडीतही ओलावा शिरतच असतो. तेलाचा रंग काळपट झाला म्हणजे ते जुने आहे हे खरे, पण रंग उजळ आहे म्हणजे पाणी नाही असे म्हणता येत नाही.

पेडलाची तपासणी

गाडी सपाट जागी उभी करून पाच मिनिटांत बरेच काही कळते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला निर्वात संपेल आणि पेडल कडक होईल. आता पाय दाबून धरूनच इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली किंचित खाली बसले, तर बूस्टर काम करतो आहे. बसले नाही, तर बूस्टर, त्याचा पाइप किंवा झडप पाहावी लागेल. त्यानंतर इंजिन चालू ठेवून पेडल मध्यम जोराने अर्धा मिनिट दाबून धरा. ते हळूहळू खाली सरकत गेले आणि बाहेर कोठेही तेल गळताना दिसले नाही, तर मास्टर सिलिंडरातील रबरी कप आतल्या आत तेल सोडत आहेत. हा दोष लपून राहणारा आहे, कारण जोराने ब्रेक मारला तर तो जाणवत नाही आणि सिग्नलवर हलका पाय ठेवून उभे असताना मात्र गाडी पुढे सरकते.

पहिल्यांदा दाबल्यावर पेडल खाली जाते आणि दोन-तीन वेळा भराभर दाबल्यावर वर येते, तर हवा शिरलेली आहे किंवा मागच्या ड्रमची सेटिंग सैल झाली आहे. वेगात ब्रेक लावताना पेडल एका लयीत वर-खाली होत असेल, तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. गाडी एका बाजूला खेचत असेल, तर अडकलेला पिस्टन, तेल लागलेला पॅड किंवा आतून सुजलेला होज पाइप ही कारणे तपासावीत. बाहेरून धडधाकट दिसणारा पाइप आतून बंद झालेला असू शकतो.

टाकीतील पातळी महिन्यातून एकदा कमाल आणि किमान या खुणांच्या मधे आहे ना ते पाहावे. पातळी हळूहळू उतरणे हे बहुधा पॅड झिजल्याचे लक्षण असते. ती उतरलेली दिसली, की वरून तेल ओतून मोकळे होण्याची पद्धत चुकीची आहे. आधी पॅड पाहावेत. नवे पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटर जाडीचे असतात आणि तीन मिलिमीटरच्या आसपास आले की बदलावेत. पॅड ठीक असूनही पातळी उतरली, तर तेल कोठेतरी गळते आहे. चाकांच्या आतल्या बाजूला, ड्रमच्या कडेला आणि पाइपांच्या जोडांवर ओल शोधावी. डॅशबोर्डवरचा लाल दिवा हँडब्रेक सोडल्यावरही पेटत असेल, तर त्याचा अर्थ बहुधा तेलाची पातळी किमान खुणेखाली गेली असा असतो. तो दुर्लक्षून गाडी चालवू नये.

तेल बदलणे आणि एअर काढणे

हे काम दोघांचे आहे. एक जण पेडलापाशी आणि दुसरा चाकापाशी. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारच्या तेलाचा सीलबंद डबा, निपलच्या (प्रत्येक चाकापाशी तेल व हवा बाहेर सोडण्यासाठी असलेल्या पोकळ स्क्रूच्या) मापाचा रिंग पाना, निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी, एक बाटली, भरपूर चिंध्या आणि पाण्याची बादली एवढे साहित्य लागते. सिलिकॉनचे डॉट ५ तेल ग्लायकॉलच्या तेलात कधीही मिसळू नये. नावात डॉट ५.१ असलेले तेल मात्र ग्लायकॉलचेच असते, त्यामुळे डबा नीट वाचावा. उघडून ठेवलेल्या जुन्या डब्यातले तेल वापरू नये. इंजिन ऑइल, डिझेल किंवा रॉकेल या यंत्रणेच्या जवळही येऊ देऊ नये, कारण खनिज तेलाने रबरी कप फुगतात आणि मग सगळे रबर बदलावे लागते. ब्रेकचे तेल रंगावर सांडले तर रंग उठतो, म्हणून सांडल्याबरोबर पाण्याने धुवावे.

सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावावेत. चाक काढायचे असेल, तर गाडी केवळ जॅकवर न ठेवता मजबूत स्टँडवर टेकवावी. टाकीतले जुने तेल पिचकारीने बरेचसे काढून तिच्यात नवे भरावे, म्हणजे जुने तेल सगळ्या पाइपांतून फिरवावे लागत नाही. मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात करण्याची रीत आहे. आपल्या गाड्यांत ते बहुधा मागचे डावे, मग मागचे उजवे, मग पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे असते. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा क्रम दिला असेल, तर तोच पाळावा.

निपल आधी ब्रशने साफ करून घ्यावे. गंजलेले निपल जोर लावून तोडण्यापेक्षा त्यावर गंज सोडवणारे तेल टाकून थांबणे बरे, कारण तुटलेले निपल म्हणजे बहुधा नवा कॅलिपर किंवा सिलिंडर. निपलवर पाना आणि नळी चढवून नळीचे दुसरे टोक बाटलीतल्या थोड्या तेलात बुडते ठेवावे, म्हणजे हवा परत ओढली जाणार नाही. मग चाकापाशी बसलेल्याने “दाबा” म्हणावे. पेडलावरच्याने संथपणे दाबून तसेच धरावे आणि “धरले” असे सांगावे. निपल पाव ते अर्धा फेरा उघडले, की तेल बाहेर येते आणि पेडल खाली जाते. ते खाली असतानाच निपल बंद करावे आणि त्यानंतरच “सोडा” म्हणावे. सगळी मेख या क्रमात आहे. निपल उघडे असताना पेडल सुटले, तर काढलेली हवा पुन्हा आत जाते. जुन्या गाडीत पेडलाखाली लाकडाचा तुकडा ठेवून ते अगदी तळापर्यंत जाऊ देऊ नये, नाहीतर कप सिलिंडरच्या न घासलेल्या, गंजलेल्या भागावरून सरकून फाटतात.

नळीतून बुडबुडे येणे थांबून स्वच्छ तेल येईपर्यंत हे करावे. दर पाच-सहा वेळांनी टाकी पाहावी. ती रिकामी झाली, तर मास्टर सिलिंडरातच हवा शिरते आणि सगळे काम पहिल्यापासून करावे लागते. काही गाड्यांत एबीएसच्या युनिटमध्ये अडकलेली हवा स्कॅनर जोडल्याशिवाय निघत नाही. चारही चाके नीट करूनही पेडल स्पंजासारखे राहिले, तर गाडी चालवत नेऊ नये, टो करून न्यावी किंवा मेकॅनिकला घरी बोलवावे.

शेवटी निपल बेताने आवळून त्यांवर रबरी टोप्या बसवाव्यात, टाकी कमाल खुणेपर्यंत भरून झाकण घट्ट करावे आणि इंजिन चालू ठेवून पेडल जोराने दाबून धरताना सहकाऱ्याने चारही निपल कोरडे आहेत ना ते पाहावे. मग रिकाम्या, सपाट रस्त्यावर ताशी दहा-पंधरा किलोमीटर वेगाने दोन-चार वेळा ब्रेक लावून पाहावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवण्यापूर्वी टाकीची पातळी व चाकांखालची जमीन पुन्हा एकदा तपासावी. काढलेले जुने तेल विषारी असते. ते गटारात किंवा झाडांच्या आळ्यात न ओतता झाकणाच्या डब्यात भरून वापरलेले तेल घेणाऱ्या गॅरेजकडे द्यावे, आणि तोपर्यंत मुलांच्या व जनावरांच्या हाती-तोंडी लागणार नाही अशा जागी ठेवावे.